सहभागी क्रमांक सतराची सुधारणा रद्द करणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
औषध चाचणी देखरेख समिती,
मज्जारज्जू उपचार केंद्र,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : सहभागी क्रमांक १७ (पहिली तुकडी), वय ४४, व्यवसाय : फरशी बसवणे (होता).

दिनांक : १४ मार्च

विषय : माझ्या तपासणी-पत्रकातील 'लक्षणीय सुधारणा' हा शेरा खोटा असल्याने रद्द करणे, व त्या शेऱ्याच्या भरवशावर सहभागी क्रमांक ४१ (माझा सख्खा मेहुणा) यास दि. १९ मार्च रोजी द्यावयाचे दुप्पट मात्रेचे इंजेक्शन थांबवणे याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ९ जानेवारी. २) आपले अभिनंदनपत्र, दि. २० जानेवारी. ३) माझा दुसरा अर्ज (कबुलीजबाब), दि. २ फेब्रुवारी. ४) आपले दुसरे अभिनंदनपत्र, दि. २४ फेब्रुवारी.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, हा माझा तिसरा अर्ज आहे. आधीच्या दोन अर्जांना आपण अभिनंदनाने उत्तर दिलेत. या वेळी कृपा करून अभिनंदन करू नये.

१. माझा धंदा फरशी बसवण्याचा. बावीस वर्षे गुडघ्यांवर काढली. साइटवर दहावीपर्यंत शिकलेला मी एकटाच, त्यामुळे कुणाला रजा हवी असो, कुणाचे ओळखपत्र हरवलेले असो, अर्ज लिहायला सगळे माझ्याकडेच येत. म्हणून ही भाषा मला जमते. मात्र गेले तीन महिने डोके ठिकाणावर नाही, तरी मध्येच कुठे तोल सुटल्यास सांभाळून घ्यावे.

२. दोन वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीत फरशीच्या पेट्या वर नेणारी मालाची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली आली. आत अठरा पेट्या, मी आणि माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मालाच्या लिफ्टमध्ये माणसांनी चढू नये, असे तिथे लाल अक्षरांत लिहिले होते. मेहुणा जिन्याकडे निघालाही होता. मीच म्हणालो, "कशाला उगाच तंगड्या तोडतोस, चढ की." तो चढला. कमरेपासून खाली दोघांचेही सगळे गेले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या वाक्याबद्दल त्याने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्यावरून तो वाईट माणूस आहे असा आपला समज होईल.

३. आपल्या केंद्राने वृद्धी घटकाची चाचणी सुरू केली तेव्हा आम्ही दोघांनीही नाव दिले. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. शरीरात काही प्रथिने असतात, ती मज्जातंतूंना 'वाढा' असे सांगतात. मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूत हे सांगणे जवळजवळ बंद पडलेले असते, म्हणून एकदा तुटलेले धागे आपले आपण जुळत नाहीत. तेच प्रथिन बाहेर तयार करून पाठीतून आत सोडायचे, म्हणजे धागे पुन्हा वाढू लागतील, अशी आशा आहे. डॉक्टर 'आशा आहे' एवढेच म्हणाले होते, हे मला मान्य आहे. घरी पोहोचेपर्यंत आम्हीच तिची खात्री करून टाकली. पहिल्या तुकडीत नोंदणीच्या यादीतून सहा जण घेतले. माझा नंबर लागला, मेहुण्याचा लागला नाही. तो पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही.

४. आता कबुलीजबाब. हा मी पूर्वी दिलेला आहे, पण आपण तो वाचलात असे उत्तरावरून वाटले नाही, म्हणून पुन्हा देतो.

चाचणीचा नियम असा की दोन इंजेक्शनांनंतरच्या तपासणीत ज्याची संवेदना शून्य, त्याला तिसरे इंजेक्शन नाही, त्याने घरी जायचे. माझ्या शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याची तपासणी ऑक्टोबरात, माझ्या आदल्या दिवशी झाली. शून्य. दुपारपर्यंत त्याच्या हातात आभारपत्र आणि एक शोभेची कुंडी देऊन त्याला रवाना केले. मांडीवरची कुंडी दारापाशी कलंडली, ओली माती पायांवर सांडली, आणि त्याला पत्ताच नव्हता. तो सगळ्यांना हात हलवत गेला. ते पाहून माझी पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. पद्धत अशी की आपण डोळे मिटायचे. बाई पायावर कधी टाचणी टेकवतात, कधी कापूस फिरवतात, कधी काहीच करत नाहीत, आणि विचारतात, "जाणवलं? काय होतं?" महोदय, फरशी पक्की बसली की खाली पोकळ राहिली, हे मी बावीस वर्षे ठोकून, कानाने ओळखत आलो आहे. स्टीलच्या ट्रेमधून टाचणी उचलली की बारीक खरवडल्यासारखे वाजते. कापसाच्या बरणीचे झाकण सैल आहे. बाईंच्या स्टुलाच्या एका पायाचे रबर निघालेले आहे, त्यामुळे त्या गुडघ्याजवळ आहेत की घोट्याजवळ, हे स्टूल आपणहून सांगते. मला डोळे मिटायला सांगितले होते. कानांविषयी कुणी काही बोलले नव्हते.

मी "टाचणी" म्हणालो, "कापूस" म्हणालो, "काही नाही" म्हणालो. खरे वाटावे म्हणून जवळजवळ निम्म्या ठिकाणी मुद्दाम चुकलो. पायांच्या चाळीस गुणांपैकी मला एकोणीस मिळाले. प्रत्यक्षात त्या दिवशी बाईंनी माझ्या गुडघ्यावर हातोडा घातला असता तरी मला कळले नसते. बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी माझा हात धरला. मीही रडलो. आपल्याला कुंडी मिळणार नाही म्हणून रडलो. पत्रकावर बाईंनी 'लक्षणीय सुधारणा' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

५. १ नोव्हेंबरला तिसरे इंजेक्शन देऊन मला घरी सोडण्यात आले. पाच आठवडे काही घडले नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बायको पायांवरची चादर सारखी करत होती, आणि मी बोंब मारली.

नव्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला आम्ही ॲसिड वापरतो. एकदा ते माझ्या बुटात गेले होते. हे दुखणे तसे आहे. फक्त तेव्हा बूट काढता आला होता. चादर लागली की आग होते, पंख्याचा वारा लागला की आग होते, काही लागले नाही तरी होतेच. पाय मात्र जागचे हलत नाहीत. करंगळीसुद्धा हलत नाही. बायकोने काय केले असेल? "अहो, जाणवलं तुम्हाला!" असे किंचाळली, आणि खात्री करायला करकचून चिमटा काढला. मी पुन्हा ओरडलो. तिने शेजारणीला हाक मारली. शेजारणीनेही काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

केंद्रात दाखवायला गेलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की असे होऊ शकते. हालचालीचे धागे वेगळे, दुखण्याचे वेगळे. औषध नुसते 'वाढा' म्हणते, कुणी वाढायचे आणि कुठे जाऊन जुळायचे ते सांगत नाही. दुखण्याचे बारीक धागे आधी वाढतात आणि भलत्याच ठिकाणी जाऊन जुळतात. मी म्हणालो, साहेब, एवढे लिहून द्या. ते म्हणाले, "लिहिण्याचं काम समितीचं आहे." आणि घड्याळाकडे पाहिले.

६. म्हणून ९ जानेवारीला समितीकडे पहिला अर्ज केला. उत्तरादाखल 'दुष्परिणाम नमुना' आला. प्रश्न चार : वेदनेमुळे चालण्यात अडथळा येतो काय? उत्तर : नाही. प्रश्न पाच : जिना चढण्यात अडथळा येतो काय? नाही. प्रश्न सहा : वेदनेमुळे कामावर गैरहजर राहावे लागले काय? नाही. मी एकही उत्तर खोटे दिलेले नाही. तिन्ही उत्तरे 'नाही' असल्याने माझी वेदना 'सौम्य' ठरवण्यात आली. सोबत आपले पत्र होते की, वेदना हा संवेदनेचाच एक प्रकार असून तिचे पुनरागमन ही आनंदाची बाब आहे, सबब अभिनंदन. हे पत्र बायकोने फ्रेम करून भिंतीवर लावले. माझ्या खाटेच्या बरोबर समोर. मान वळवली तरी दिसते.

७. मग २ फेब्रुवारीला मी सगळा खोटेपणा उघड केला : ट्रे, बरणी, स्टूल, सगळे. मला वाटले होते की निदान आपणांस संताप तरी येईल, एखादा साहेब तावातावाने येऊन चार शिव्या देईल. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की तपासणीच्या वेळी सहभागीचे डोळे मिटलेले असतात, सबब खोटे उत्तर देणे शक्य नाही. तरीही माझे समाधान व्हावे म्हणून कान बंद करून फेरतपासणी घेण्याचे आपण मान्य केलेत. त्याबद्दल मी आपला आभारी होतो. तेव्हा होतो.

फेरतपासणी १७ फेब्रुवारीला झाली. कानांत बोळे, त्यांवर यंत्रावर काम करणारे घालतात तसली मोठी झाकणे, डोळ्यांवर पट्टी. मी मनाशी पक्के ठरवून गेलो होतो की जीव गेला तरी "काही जाणवत नाही" एवढेच म्हणायचे. एकदा खोटे बोलून जे करून ठेवले, ते दुसऱ्यांदा खोटे बोलून निस्तरायचे. पण महोदय, डिसेंबरपासून गोष्ट बदलली होती. टाचणी टेकली आणि मी किंचाळलो. किंचाळता किंचाळता "काही जाणवत नाही!" असेही म्हणालो. कापूस लागला, मी खाटेची कड धरून "नाही! नाही! काही नाही!" म्हणून ओरडलो. तिसऱ्या वेळी उशी तोंडात कोंबली. बाईंनी चाळीसपैकी एकतीस दिले. शेरा असा आहे, मी तो शब्दशः उतरवून घेतला आहे : 'सहभागी सहकार्य करत नाही, तथापि संवेदना निर्विवाद.' म्हणजे कान उघडे असताना खोटे बोलून मला एकोणीस मिळाले होते, आणि कान बंद करून खोटे बोललो तर एकतीस.

त्यावर आपले दुसरे अभिनंदनपत्र आले. बायको त्यालाही फ्रेम करणार होती. मी त्या दिवशी तिला नको नको ते बोललो. एकोणीस वर्षांच्या संसारात इतके वाईट कधी बोललो नव्हतो. ती शांतपणे म्हणाली, "बोला. माझ्या भावाचं नशीब उजळतंय ते तुम्हाला बघवत नाही."

८. कारण तोवर मेहुण्याचा नंबर लागला होता. दुसऱ्या तुकडीत तो सहभागी क्रमांक ४१ आहे. ३ मार्चला आपल्या केंद्राच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये दुसऱ्या तुकडीला धीर देण्याचा कार्यक्रम झाला, आणि धीर देण्यासाठी मला बोलावण्यात आले. मी हरखून गेलो. म्हटले, आता माइक हातात येतो आहे, एकदाचे सगळे सांगून टाकू. समोर बारा व्हीलचेअरी, त्यांच्या मागे बारा घरची माणसे. पहिल्या रांगेत मेहुणा, केस नीट विंचरलेले, नवा शर्ट. व्यासपीठावर चढवताना आपल्या एका कर्मचाऱ्याने, फोटोत पाय बरे दिसावेत म्हणून, माझ्या पायांवर लोकरी शाल घातली.

लोकरी शाल, महोदय. मी माइक धरला आणि तोंडातून शब्दच फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "पाय," एवढेच म्हणालो. "पाय... माझे पाय..." पुढे बोलता आले नाही. हॉलमधले सगळे टाळ्या वाजवू लागले. बारा जणांना उभे राहता येत नव्हते, म्हणून त्यांच्या घरची माणसे उभी राहिली. सर्वांत जोरात मेहुणा वाजवत होता. दोन दिवसांनी, ५ मार्चला, समितीने दुसऱ्या तुकडीला दुप्पट मात्रा मंजूर केली. ठरावात कारण दिले आहे : 'सहभागी क्रमांक १७ यांचा उत्साहवर्धक प्रतिसाद.'

९. मेहुण्याला मी स्वतः सांगितले नाही असे नाही. ७ मार्चला वॉर्डात जाऊन त्याच्या खाटेला खेटून व्हीलचेअर लावली आणि सगळे ओकलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही आत शिरलात आणि आता आतून कडी लावताय होय?" मी म्हणालो, अरे बाबा, आत आग लागली आहे. तो म्हणाला, "लागू दे. तुम्हाला दुखतं तरी. मी परवा गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवून झोपलो. उठलो तर घोट्याची कातडी पिशवीला चिकटून आलेली. मला वासावरून कळलं, दाजी." खरे सांगायचे तर ऑक्टोबरात मीही हेच म्हणालो असतो.

शेवटचा उपाय म्हणून मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणालो, हात ठेव. स्वतः बघ काय होते ते. त्याने नडगीवर तळवा ठेवला. मी ओरडलो. संपूर्ण वॉर्डाने मान वळवली. माझी कल्पना होती की तो घाबरून हात काढील. त्याच्या डोळ्यांत एवढी चमक मी लिफ्ट पडल्यापासून पाहिली नव्हती. "पुन्हा दाबू?" म्हणाला. उत्तराची वाट न पाहता दाबले. मग पोटरी दाबली. मग पावलाची बोटे एकेक करून मोजल्यासारखी दाबली, प्रत्येक बोटाला माझा चेहरा बघत, हसत, रडत. "हेपण? दाजी, हेपण?" मी व्हीलचेअर मागे घ्यावी म्हटले, तर त्याने चाकाला ब्रेक लावून ठेवला होता. सिस्टर आल्या तेव्हा त्याने त्यांनाही दाबून दाखवले.

मी त्याच्यावर रागावलेलो नाही. पण त्या दिवसापासून त्याला पाहिले की माझे पाय आधी पेटतात आणि मग मी त्याला ओळखतो.

१०. बाकीचे मार्गही मी धुंडाळून झाले आहेत, ते थोडक्यात लिहितो. ६ मार्चला मी चाचणीतून लेखी माघार घेतली. मला वाटले, माणूस गेला की त्याचा आकडाही जाईल. केंद्राच्या लिपिकांनी नियमपुस्तिकेतला नियम दाखवला : सहभागीने माघार घेतल्यास त्याचे शेवटचे गुण चाचणी संपेपर्यंत जसेच्या तसे पुढे धरले जातात. म्हणजे मी गेलो, एकतीस राहिले. १० मार्चला आपण मला म्हणणे मांडण्यासाठी दुसऱ्या मजल्यावर समक्ष बोलावलेत. लिफ्टवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे आणि किल्ली कर्मचाऱ्यांकडे असते. मी खाली जिन्याशी अडीच तास बसलो. कार्यवृत्तात 'अर्जदार गैरहजर' अशी नोंद आहे. तक्रारपेटी भिंतीवर पाच फुटांवर बसवलेली आहे. हे केंद्र कुणासाठी आहे, ते पेटी बसवणाऱ्याला कुणी सांगितलेले दिसत नाही. हा अर्ज झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातून पेटीत पडणार आहे. त्या एकट्याच अशा आहेत की ज्यांनी माझे पाय पाहून "अगं बाई, फार होतंय का?" असे विचारले आणि हात लावला नाही.

त्याच नियमपुस्तिकेत कलम चौदा आहे : सहभागीचा मृत्यू झाल्यास चौकशी होईपर्यंत पुढील सर्व मात्रा तीस दिवस स्थगित राहतील. मी लिपिकांना विचारले की ही मृत्यूची नोंद प्रत्यक्ष मृत्यूवाचून करता येते काय. हा प्रश्न मी धमकी म्हणून विचारलेला नाही, कामकाजाची पद्धत म्हणून विचारला. ते म्हणाले, "दाखला लागतो." दाखला कोण देतो? "डॉक्टर." डॉक्टरांना काय लागते? त्यावर त्यांनी मला पाणी आणून दिले. माणूस बरा आहे. मला जगायचे आहे, महोदय, एवढे होऊनही जगायचे आहे, याचे माझे मलाच नवल वाटते. पण कागदावर मरायला माझी काही हरकत नाही.

११. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे :

(अ) माझ्या नावापुढील 'लक्षणीय सुधारणा' हा शेरा रद्द करावा. एकोणीस गुण खोटे बोलून मिळवलेले आहेत आणि एकतीस गुण दुखण्याचे आहेत.

(आ) सहभागी क्रमांक ४१ यास १९ तारखेला इंजेक्शन देऊ नये. निदान दुप्पट देऊ नये. एकपट मात्रेने मी असा झालो आहे.

(इ) हे शक्य नसल्यास समितीच्या एका, कोणत्याही एका सदस्याने खाली यावे. माझ्यासमोर खुर्ची टाकून फक्त एक तास बसावे. हात लावू नये, बोलू नये, अभिनंदन करू नये. पंखा चालू ठेवावा आणि बघावे.

(ई) हेही शक्य नसल्यास मला दि. १८ मार्चपासून मृत समजण्यात यावे. माझी संमती या अर्जासोबत जोडली आहे. घरच्यांच्या सहीची जागा रिकामी आहे, कारण बायको सही करायला तयार नाही. तिचे म्हणणे, भावाचे काम होईपर्यंत मी जिवंत राहावे.

खोटे बोलल्याची जी काही शिक्षा असेल ती मला द्यावी. मी नाही म्हणणार नाही. खोटे मी बोललो आणि इंजेक्शन त्याला मिळते आहे, हे मला सहन होत नाही.

बसल्या जागेवरून आपल्या निर्णयाची वाट पाहत असलेला,

(सही)
सहभागी क्रमांक १७

सोबत : १) तपासणी-पत्रकांच्या प्रती, दोन. २) अभिनंदनपत्रांच्या प्रती, दोन (एक फ्रेममधून काढता न आल्याने काचेवरून). ३) ठरावाची प्रत. ४) मृत समजण्याबाबत संमतीपत्र.

ता. क., दि. १६ मार्च

वरील अर्ज १४ तारखेलाच तयार होता. प्रती जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारला जात नाही असे लिपिकांनी कळवल्याने प्रती काढून आणवण्यात दोन दिवस गेले. काल, १५ तारखेला, दुसऱ्या तुकडीतील एका सहभागीला ताप आल्याने त्याची वेळ रिकामी झाली. सहभागी क्रमांक ४१ याने स्वतःहून हात वर केला. सकाळी साडेदहाला त्याला दुप्पट मात्रा देण्यात आली.

आत गेलेले औषध काढून घेता येते काय, हे मी मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारले. येत नाही.

सबब वरील विनंती (अ) ते (ई) मी मागे घेत आहे. अर्ज दप्तरी दाखल करावा, पण सहभागी क्रमांक ४१ याच्या हाती कधीही पडू देऊ नये, एवढीच आता नवी विनंती आहे. मला सुरुवात व्हायला पाच आठवडे लागले होते. त्याच्या दुप्पट मात्रेला किती लागतील कुणास ठाऊक. जितके मिळतील तितके दिवस त्याला पायांकडे टक लावून वाट बघू द्यावी.

काल संध्याकाळी त्याचा वॉर्डातून फोन आला. आवाज बारीक झाला होता. इकडचे तिकडचे बोलला, बहिणीची चौकशी केली. मग पहिल्यांदाच त्याने विचारले, "दाजी, खरं सांगा हं. फार दुखतं का हो?"

मी म्हणालो, "छे रे. नुसत्या मुंग्या येतात."

सदर विधान खोटे आहे. ते माझ्या पत्रकात नोंदवू नये.